सोमवारच्या उसळीचं मीठ

एका श्रावणी सोमवारी मी कारंज्याच्या एका ढाब्यावर मटण खाल्लं. पोटभर खाल्लं, वरून रस्सा मागून घेतला. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. ज्या साहेबांबरोबर खाल्लं, त्यांच्याशीही मी त्या जेवणाचा विषय पुन्हा काढला नाही. मटण खाल्लं याचं मला काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मटण चांगलं होतं. ज्याचं वाटतं ते पुढं येईल.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. मी मूळ रोहण्याचा. वर्ध्यात कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून म्हणून लागलो आणि सिंदी मेघेच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेऊन आई आणि बायकोला तिथं आणलं. वस्ती नवी होती. दोन घरांच्या मध्ये एखादं तुरीचं वावर अजून उभं असायचं. आमच्याकडे नळ आला त्याच्या आधी हॉटेल आलं. त्याला नाव होतं, रंगवलेली पाटीही होती, पण ते नाव कोणी घेत नसे. मालकाला सगळे भाऊ म्हणत, म्हणून ते भाऊचं हॉटेल.

चार बाकं, वर टिनं, दाराशी काचेचं एक कपाट. सकाळी पोहे आणि त्यावर चण्याची तर्री. दहानंतर आलूबोंडे. दुपारी चारला पाटवडीचा रस्सा, आणि तो साडेपाचला संपायचा. संपला म्हणजे संपला. भाऊ पाणी घालून वाढवणारा माणूस नव्हता. तर्री पुन्हा मागितली तर मिळायची, तिसऱ्यांदा मागितली तर भाऊ म्हणायचा, "पोहे खाऊन राह्यले का आंघोळ करून राह्यले?" मी पुढं नागपूरला, अमरावतीला, दोनदा मुंबईलाही जेवलो. तशी तर्री कुठं मिळाली नाही. जिभेच्या बाबतीत मी भिडस्त नाही, बाकी सगळ्या बाबतीत आहे.

काचेच्या कपाटात घरी न्यायच्या वस्तू असत. शेव, चिवडा, जवसाची चटणी, लिंबाचं मुरलेलं लोणचं, कणकेचे वाळवलेले सरगुंडे. पाहुणा आला की वस्तीतली बाई चुलीकडे जायच्या आधी भाऊच्या कपाटाकडे डबा पाठवायची. चटणी देण्याआधी भाऊ गिऱ्हाइकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवायचा. चाखून झालं की म्हणायचा, "आता नाई म्हनून दाखवा." कोणी म्हणत नसे.

हे सगळं रांधणारा हात मात्र दिसत नसे. मागं पोत्याचा पडदा होता. पडद्याआडून ताटं यायची. बहुतेकांची समजूत होती की आत भाऊची बायको असते. मलाही तसंच वाटे. एकदा पुढच्या पिंपातलं पाणी संपलं म्हणून मी हात धुवायला मागं गेलो, आणि पाहिलं की चुलीपुढं दुसरीच एक बाई आहे. चाळिशीची, काटक, कपाळावर आणि दंडावर गोंदलेलं. ती गोंडाची होती, कारंज्याच्या पलीकडच्या डोंगराकडची. बाजाराच्या दिवशी तिचा सख्खा भाऊ भेटायला यायचा, तेव्हा मागच्या दारात दोघं त्यांच्या भाषेत बोलत बसत. त्यातलं मला फक्त हसणं समजायचं.

त्या दिवशी हॉटेलवाल्या भाऊनं मला मागून बाहेर येताना पाहिलं. जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबूजी, पाह्यलं थे पाह्यलं. पुढं सांगू नका. लोकाईले खायचं बी असते अन् कोनाच्या हातचं थे इचारायचं बी असते."

"मी काऊन सांगू?" मी म्हणालो.

हा माझा शब्द. तो लक्षात ठेवावा.

श्रावणात सोमवारी भाऊकडे पोहे बंद असत. त्या दिवशी फक्त साबुदाण्याची उसळ. तिच्यासाठी चूल वेगळी सारवलेली, आणि एक पितळी कढई, जी बाकी आठवडाभर खुंटीला टांगलेली असे. बाई रविवारी संध्याकाळी साबुदाणा भिजवायची, पाणी बोटाच्या नखाएवढंच वर ठेवायची. सोमवारी पहाटे न्हाऊन चुलीपुढं बसायची. तिचा स्वतःचा सोमवार इतका कडक की दिवस मावळेपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. वस्तीत सोमवार धरणारे पुष्कळ होते. चहा, केळी, शेंगदाणे, पुन्हा चहा असा आमचा सोमवार. तिच्यासारखा धरणारं कोणी नव्हतं.

त्यामुळं तिची एक अडचण व्हायची. तिला उसळ चाखता येत नसे. साधं मीठ तिनं डोळे मिटून टाकलं असतं, पण उपासाला शेंदेलोण लागतं, आणि शेंदेलोणाचा खडा प्रत्येक वेळी वेगळा. एक खारट निघतो, एक नुसताच दगड. भाऊचं तोंड पहाटेपासून तंबाखूनं भरलेलं. म्हणून एका सोमवारी, मी सहालाच पोचलो होतो, तेव्हा पडद्याआडून आवाज आला, "बाबूजी, मीठ सांगा."

मी मागं गेलो. पळसाच्या पानावर तिनं घासभर उसळ दिली. मी खाल्ली आणि म्हणालो, "थोडं कमी." तिनं चिमूट टाकली, कढई हलवली, पुन्हा घासभर दिली. मी मान हलवली. मग कढई पुढं गेली.

तेव्हापासून ते काम माझं झालं. दोन श्रावण मी त्या उसळीचं मीठ सांगितलं. ऑफिसात मला कोणी काही विचारत नसे, घरी आईचं चाले. पण सोमवारी सकाळी अख्ख्या वस्तीच्या उपासाचं मीठ माझ्या जिभेवर ठरायचं. एकदा मी दोनदा "कमी" म्हणालो. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मीठ बराबर हाये. तुमी घरून भांडून आले असान. भांडून आलेल्या मान्साले मीठ कमीच लागते."

मी खरंच भांडून आलो होतो.

आता घरचं सांगतो. बायकोला दोनदा दिवस राहून पोट पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि पाचवा महिना लागला, तेव्हा श्रावण सुरू झाला. आईनं उंबऱ्यात उभं राहून जाहीर केलं, "या घरात महिनाभर कांदा-लसून शिजनार नाई. अन् सोमवार सगळ्याईनं धरायचे. पोटातल्या जिवासाठी बोलली हावो मी शंकराले. तू बी धरायचा, समजलं का?"

"समजलं."

"भायेर जाऊन काई करशीन त मले ठाऊक नाई होनार, पन त्याले होईन." तिनं वर बोट दाखवलं.

त्या श्रावणातला तिसरा सोमवार. सहाला मी उसळीचं मीठ सांगितलं, एक प्लेट खाल्ली, आणि फॅक्टरीच्या जीपनं साहेबांबरोबर कारंज्याला गेलो. पुढच्या हंगामासाठी गोदाम पाहायचं होतं. गोदामात दोन वाजले. मोठ्या सडकेवर ट्रकांची रांग लागलेली, ढाब्याच्या भट्टीवरून मसाल्याचा वास येत होता. साहेब नागपूरचे, खाण्याचे शौकीन. त्यांनी दोन ताटं सांगितली.

"साहेब, सोमवार आहे. श्रावण," मी म्हणालो.

"अरे बाबू, श्रावण घर में! सडकेवर कसला श्रावण? देवाला तुझ्या घराचा पत्ता माहीत आहे, ढाब्याचा थोडीच माहीत आहे?"

मी हसलो. साहेबांच्या विनोदाला हसणं हा नोकरीचा भाग होता, पण त्या दिवशी मला खरंच हसू आलं. ताट आलं. वर बोटभर लाल तेल. मी खाल्लं.

परत येताना जीपमध्येच पोटात पिळवटायला लागलं. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. अंगणातच ओकलो, आणि त्यानंतर उभं राहायची सोय उरली नाही. बायको पाणी घेऊन धावत होती, आई पाठीवरून हात फिरवत होती.

"काय खाल्लं रे?"

"सकाळची उसळ. भाऊकडची."

"अन् दिसभर?"

"काई नाई. उपास नाई का माय?"

मी उसळ खाल्ली होती, हे खरं होतं. अर्धं खरं असलेलं खोटं फार टिकाऊ असतं. निव्वळ खोटं असतं तर मी दोन दिवसांत पकडला गेलो असतो.

इथवर थांबलो असतो तर आज लिहायला बसलो नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझा सदरा धुवायला घेऊन खाटेपाशी आली. बाहीवर एक लाल, तेलकट डाग होता. तिनं तो नाकाशी नेला.

"हा डाग कायचा रे? उसळीत तर्री असते का?"

बायको दारात उभी होती, एक हात पोटावर. आईची नजर डागावरून माझ्यावर आली. तिला संशय यायला एक श्वास उरला होता. मला काहीतरी मोठं पुढं टाकायचं होतं, ज्याच्यापुढं तो डाग दिसेनासा होईल. जे माझ्याजवळ होतं, ते टाकलं.

"माय," मी म्हणालो, "तिथं मागं रांधते कोन, माहीत हाये का तुले?"

आईनं सदरा खाली केला. "कोन?"

"भाऊची बायको नाई. गोंडाची एक बाई हाये."

आईनं मला विचारलं नव्हतं. मी आपणहून सांगितलं. इतकी वर्षं मी मनाशी असं मांडत आलो की आईनं खोदून विचारलं आणि माझ्या तोंडून निसटलं. निसटलं वगैरे काही नाही. मी नेम धरून टाकलं. सदरा बादलीत गेला आणि डागाचं नाव पुन्हा निघालं नाही.

आई दुपारी विहिरीवर गेली. आई वाईट नव्हती. तिचा मुलगा मरता मरता वाचला होता आणि सुनेच्या पोटातल्या जिवाचा उपास बाटला होता. तिला ते सांगायलाच हवं होतं. तीन दिवसांत अर्ध्या वस्तीला आठवलं की मागच्या सोमवारी आपलंही पोट दुखलं होतं. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी त्या सोमवारी दोन प्लेट उसळ खाऊन तिसरी घरी नेली होती. ते म्हणाले, "मले तवाच वास आल्ता. पन म्हनलं, जाऊ द्या, उपासाच्या दिवशी कायले बोलाव."

बुधवारी फॅक्टरीचा शिपाई माझी खुशाली विचारायला आला. माझ्या उशाशी बसून, आई आत गेलेली पाहून कुजबुजला, "साहेब बी लोळून राह्यले सोमवारपासून. डॉक्टर म्हन्ते, भायेरचं मटन बाधलं. तुमी बी होते ना संगं?"

म्हणजे मला पक्कं कळलं होतं. शंकेला जागा नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण भाऊ आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

तो लिंबाच्या सरबताचा लोटा घेऊन आला. पायातल्या चपला बाहेर काढल्या, खाटेपाशी जमिनीवरच बसला. हॉटेलात टोमणे मारणारा माणूस माझ्या घरात आवाज उतरवून बोलत होता.

"बाबूजी, दोन दिस झाले, एक डबा नाई आला कपाटावर. मी कोनाले इचारत नाई, तुमाले इचारतो. तुमी मीठ सांगतलं. पह्यला घास तुमचा. उसळीत काई होतं का? तुमी नाई म्हनान, त मी चौकात उभं राहून सांगतो का बाबूजी नाई म्हन्ते. लोक आयकतीन तुमचं."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. बायको तिच्या मागं. दोघी ऐकत होत्या.

एक शब्द पुरला असता. मटणाचं नावही घ्यावं लागलं नसतं. "उसळ चांगली होती, माझंच पोट बिघडलं होतं," एवढं म्हणता आलं असतं. पण मग आईनं विचारलं असतं, कशानं बिघडलं. आणि बाहीवरचा डाग पुन्हा निघाला असता.

"असन काई," मी म्हणालो. "मले काय समजते."

मला शब्द दिलात आणि मोडलात, असं भाऊ म्हणाला नाही. उठला. लोटा तिथंच विसरला.

पुढच्या सोमवारी मी गेलो तेव्हा पडद्याआड खरोखर भाऊची बायको होती. उसळ पुढच्या बाकावर आणून दिली. खारट होती. मीठ कोणी विचारलं नाही. मी हात धुवायला म्हणून मागं गेलो, तर पितळी कढई चुलीवर नव्हती, खुंटीलाच होती.

"बाई?" मी भाऊला विचारलं. विचारायला मला तोंड होतं, याचं आज आश्चर्य वाटतं.

"गेली," तो म्हणाला. "मी जा म्हनलं नाई." तर्रीची पळी पिंपात बुडवून धूत राहिला. मग म्हणाला, "पन राह्य बी म्हनलं नाई."

हॉटेल चाललं. लोक महिन्याभरात परत आले, पोह्यांवर तर्री पडत राहिली. पण ती नुसती लाल होती. मी सोडून कोणी तसं बोललं नाही, आणि मीही फक्त मनात बोललो. मार्गशीर्षात आम्हाला मुलगी झाली, धडधाकट. आईनं शंकराला अभिषेक केला आणि वस्तीत पेढे वाटले. त्या आनंदात मी खरं सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, गप्प राहिलो.

त्यानंतर अकरा-बारा वर्षं गेली. मी हेडक्लार्क झालो, मुलगी शाळेत पहिली-दुसरी येऊ लागली. एका श्रावणात कामासाठी मला पुन्हा कारंज्याला जावं लागलं, या वेळी एसटीनं. स्टँडबाहेर एक टपरी होती, वर पत्रा, पुढं बाक. आलूबोंड्याचा घाणा निघत होता. मी वासावर गेलो. माझी जीभ मला नेहमी बरोबर ठिकाणी नेते.

कढईपुढं ती होती. केस पांढरे झालेले, दंडावरचं गोंदण तेच. तिनं आधी ओळखलं.

"बाबूजी! या, बसा. किती बारीक झाले जी! घरी मीठ कमी पडते का?"

मी बसलो. तिनं पानावर बोंडा दिला, त्यावर तर्री. एक घास खाल्ला आणि मला भाऊचं हॉटेल, पोत्याचा पडदा, सगळं जिभेवर आलं.

"मीठ सांगा," ती हसून म्हणाली.

"बरोबर आहे."

तो सोमवारच होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आज उसळ नाही?"

तिनं झारा कढईच्या काठावर ठेवला.

"उसळ सोडली जी मी. तवापासून नाई केली. घरी बी नाई." मग जवळ येऊन, हळू आवाजात म्हणाली, "बाबूजी, माह्याच हातून काई चुकलं असन त्या दिशी. पानी शिळं होतं का साबुदाना जुना होता, किती याद केलं, पन समजलं नाई. तुमचा जीव गेला असता. घरी बाई दोन जिवाची होती म्हने. मागं कोन रांधते थे कोनं सांगतलं, देव जाने. पन तुमी माह्या तोंडावर एक शब्द नाई बोलले. दुसरा असता त शिव्या देऊन गेला असता. थे तुमचं मोठेपन हाये."

मी पानावरची तर्री बोटानं पुसत होतो. आई तेव्हा होती, पण ती वर्ध्याला होती. कारंज्यात ती ऐकायला उभी नव्हती. बायको नव्हती, डाग नव्हता, नोकरी पक्की होती. सांगायला एकही अडथळा नव्हता.

"जाऊ दे बाई, जुनी गोष्ट," मी म्हणालो. म्हणजे मी तिला माफ केलं.

मग गाडी लागली आहे असं सांगून उठलो. गाडी लागली होती, पण सुटायला अजून दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं मी खिडकीच्या आतून टपरीकडे पाहत बसलो. ती बोंडे तळत होती. मध्येच तिनं एकदा कपाळावर हात आडवा धरून गाडीकडे पाहिलं.

आई गेल्या वर्षी गेली. ती शेवटपर्यंत म्हणत असे की नात झाली ती तिच्या नवसानं, आणि झाली असेल; मी वाद घालणार नाही. या लिहिण्यातला मटणाचा भाग बायको वाचेल तेव्हा वाचेल, तिला काय बोलायचं ते ती बोलेल. ते मला झेपेल.

तिकडून आलेल्या एकानं परवाच सांगितलं की स्टँडबाहेर टपरी अजून आहे. बाईला वाचता येत नाही, म्हणून हे लिहून काहीच फिटत नाही. तिची उसळ चांगली होती, मीठ बरोबर होतं, मी आजारी पडलो तो ढाब्यावरच्या मटणानं, आणि मागं ती रांधते हे सांगणारा मीच होतो. एवढं तिच्या कढईपुढं उभं राहून माझ्या तोंडानं सांगणं, हे मी तिचं देणं लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.